कंपनीचा कपलर कापू देऊ नका

गाडीतला कंपनीचा कारटेप बदलायचा आणि स्पीकर मात्र तेच ठेवायचे, हा निर्णय शहाणपणाचा आहे. खर्च वाचतो, दारांची पॅनल उघडावी लागत नाहीत आणि रोजच्या ऐकण्याला कंपनीचे स्पीकर बहुतेकांना पुरतात. खरी अडचण येते ती जुन्या वायरिंगला नवा सेट जोडताना. जोडणी चुकली की आवाज बिघडतो आणि आवाज बिघडला की खापर स्पीकरवर फुटते. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले.

आमची हॅचबॅक जुनी, पण ठणठणीत. तिच्या कारटेपला ब्लूटूथ नव्हते आणि रिव्हर्स कॅमेराही लावायचा होता, म्हणून पुण्यातल्या एका दुकानात टचस्क्रीन सेट बसवून घेतला. स्क्रीन छान दिसत होती, फोन जोडला गेला, कॅमेरा सुरू झाला. परत येताना बाबांनी त्यांच्या आवडीचे नाट्यसंगीत लावले आणि थोड्याच वेळात म्हणाले, "तबला ऐकू येतोय गं, पण डग्गा कुठे गेला?" खरेच, डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला होता. गायकाचा आवाजही समोरून येण्याऐवजी गाडीभर पांगल्यासारखा, पोकळ वाटत होता.

दुकानात तक्रार केली तर उत्तर तयारच होते. "कंपनीचे स्पीकर कागदी असतात, या सेटची पॉवर त्यांना झेपत नाही. चारही बदलून टाका." पण जुना सेट निघेपर्यंत त्याच स्पीकरमधून तोच डग्गा स्वच्छ ऐकू येत होता. म्हणून आम्ही नवे स्पीकर न घेता नाना पेठेतल्या एका जुन्याजाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली.

त्यांनी डॅशबोर्डला हातही लावला नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन फेडर पूर्ण पुढे घेतला, म्हणजे मागचे स्पीकर बंद झाले. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. एकट्या डाव्या दारातून डग्गा घुमला. पूर्ण उजवीकडे नेला, तिथेही घुमला. बॅलन्स मध्यावर आणला, की गायब. "ताई, स्पीकर दोन्ही चांगले आहेत. एकाची प्लस-मायनस उलटी लागलीय," ते म्हणाले.

दोन्ही दारांतले पडदे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जायला हवेत. एकाच्या वायरी उलट्या लागल्या, की एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ध्वनिमुद्रित केलेला असतो, म्हणून तोही पोकळ होतो. स्पीकर कितीही महाग आणा, जोडणी उलटी असेल तर हाच प्रकार होणार.

डॅशबोर्ड उघडल्यावर मूळ कारण दिसले. कंपनीचा कपलर कापून टाकला होता आणि उघड्या वायरी पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली होती. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डमागे त्या टेपचा डिंक आत्ताच चिकट होऊन सुटायला लागला होता.

कपलर का महत्त्वाचा

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी बॅटरीची कायम चालू लाइन, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची, निळी अँटेनाची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. ज्या वायरीवर काळी रेघ असते ती निगेटिव्ह. पण गाडीच्या आतल्या वायरी या रंगांप्रमाणे नसतात. प्रत्येक कंपनीची रंगांची पद्धत वेगळी, कधी कधी मॉडेलनुसारही वेगळी. म्हणून रंगाला रंग जोडणे म्हणजे अंदाजपंचे काम.

यावर सोपा उपाय आहे. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला जोड-कपलर मिळतो. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ कपलरमध्ये खटकन बसते, दुसरे नव्या सेटला लागते. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. बहुतेक गाड्यांसाठी तो काही शे रुपयांत येतो. तरी अनेक दुकानांत वेळ वाचवायला किंवा तो हाताशी नाही म्हणून सरळ कटर चालवतात.

आमच्या गाडीत उलट्या स्पीकरखेरीज आणखी दोन गोष्टी सापडल्या. लाल आणि पिवळी या दोन्ही वायरी एकत्र करून बॅटरीच्या कायम लाइनला जोडल्या होत्या. त्यामुळे चावी काढली तरी सेट पूर्ण झोपत नव्हता. इलेक्ट्रिशियननी बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावून दाखवला. बंद गाडी अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट ओढत होती. चांगल्या स्थितीतल्या बंद गाडीत हा आकडा साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावा. अर्धा अँपिअर म्हणजे 24 तासांत 12 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे गाडी तीन दिवस उभी राहिली तर बॅटरी बसलीच. गावाला जाऊन आल्यावर गाडी सुरू होत नाही आणि आपण नवी बॅटरी घेतो. दोष पुन्हा भलत्याच्याच माथी.

दुसरी गोष्ट रेडिओची. नव्या सेटवर एफएम नुसते खरखरत होते. अनेक गाड्यांच्या छतावरच्या अँटेनात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला निळ्या वायरीतून 12 व्होल्ट मिळावे लागतात. ती वायर आमच्याकडे जोडलेलीच नव्हती. ती जोडताच पुण्याचे 101 मेगाहर्ट्‌झवरचे विविध भारती पूर्वीसारखे स्वच्छ लागले.

दुकानात जाण्याआधी

आपल्या गाडीत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे का, हे आधी पाहा. महागड्या मॉडेलमध्ये तो सीटखाली किंवा डिकीत असतो, आणि काही गाड्यांत त्याला डेटा लाइनवरून संदेश जातो. अशा गाडीत साधा सेट लावला तर आवाजच येणार नाही. त्यासाठी वेगळा इंटरफेस लागतो. स्टिअरिंगवरच्या बटणांचेही तसेच. जुन्या गाड्यांत ती दोन-तीन वायरींवर चालतात आणि सेटला शिकवता येतात, नव्यांत कॅन-बस बॉक्स लागतो. एसीचे बटण किंवा गाडीची सेटिंग ज्या स्क्रीनमध्ये असतात, ती स्क्रीन बदलूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्यावरच्या वॅटना भुलू नका, घाबरूही नका. 50 गुणिले 4 असा आकडा असतो, पण तो क्षणिक कमाल. गाडीच्या 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला साध्या सेटमधून सलग 26 वॅटपेक्षा जास्त शुद्ध आवाज निघूच शकत नाही. प्रत्यक्षात 20च्या आसपास मिळतात. कंपनीचे स्पीकर धडधाकट असतील तर एवढे सहसा सोसतात. ते जळतात ते फाटलेल्या आवाजाने. आवाज शेवटच्या टोकाला आणि वर बेस बूस्ट चढवलेला असला, की सेटची ताकद संपते आणि ट्वीटर मरतात. सेटमध्ये हाय-पास फिल्टर असेल तर तो 80 ते 100 हर्ट्‌झवर ठेवा. दाराच्या लहान स्पीकरवरचा अगदी खालच्या बेसचा भार उतरतो आणि बाकीचा आवाज मोकळा होतो.

काम सुरू होण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा. मात्र काही जुन्या सेटना बॅटरी काढल्यावर कोड लागतो, तो आधी कागदपत्रांत शोधून ठेवा. पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना कोणीही मीटर वा टेस्ट लॅम्प लावता कामा नये.

स्पीकरची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला कधीच जोडू देऊ नका. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे सहा-सहा व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली तर सेटमधली आउटपुट आयसी जाऊ शकते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज घातला की उद्या वायर तापते.

तुमच्या मॉडेलचा जोड-कपलर मिळतच नसेल, तर प्रत्येक वायर मीटरने ओळखूनच जोडायला सांगा. सेटपासून सोडवलेल्या 4 ओहमच्या स्पीकरच्या वायरींवर मीटर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. त्याच वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावला आणि दाराच्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. जोड सोल्डर किंवा क्रिम्प करून त्यांवर हीट-श्रिंक नळी चढवावी. पिळून टेप गुंडाळलेला जोड स्वीकारू नका.

बिल देण्याआधी

दुकानातच फेडर आणि बॅलन्सने चारही कोपरे एकेक करून ऐका, मग बॅलन्स मध्यावर आणून डग्गा किंवा पखवाज असलेले गाणे लावा. मध्यावर आवाज भरदार व्हायला हवा, पोकळ नव्हे. चावी काढा, सेट बंद होतो का पाहा. पुन्हा चालू करा, घड्याळ आणि सेटिंग टिकली आहेत का पाहा. एफएम लावा. हॉर्न, हॅझार्ड, एसी, स्टिअरिंगची बटणे, रिव्हर्सचा दिवा, सगळे तपासा.

गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरिंगमुळे इलेक्ट्रिकल कामाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, म्हणून सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. बाहेरून बसवलेल्या सेटची विमा पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

जुना सेट एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. नवा बिघडला किंवा गाडी विकायची झाली, तर तो मूळ कपलरला लावून पुन्हा वापरता येतो. आमच्या गाडीत आता जोड-कपलर बसवला आहे, पण त्यासाठी कापलेल्या वायरी एकेक शोधून सोल्डर कराव्या लागल्या. त्याची मजुरी नव्या कपलरच्या किमतीपेक्षा जास्त झाली. म्हणून सेट पसंत करायच्याही आधी दुकानदाराला एकच विचारा, "माझ्या गाडीचा जोड-कपलर आहे का?" नसेल तर मागवायला सांगा आणि तो येईपर्यंत थांबा.