उबवणी यंत्रातील तापमापकाची पारख

कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. खुडूक कोंबडी हे काम आपल्या अंगच्या उबेने बिनबोभाट पार पाडते. यंत्रास मात्र स्वतःची जाण नसते. त्यातील संवेदक जे उष्णतामान सांगेल, ते प्रमाण मानून नियंत्रक दिवा पेटवितो किंवा विझवितो. संवेदकच चुकीचे सांगू लागला, तर बाकी यंत्र निर्दोष असूनही अंड्यांची सारी खेप वाया जाते.

पंखा असलेल्या यंत्रात हवेचे उष्णतामान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस राखावे लागते. लहान यंत्रांतील चांगल्या संवेदकातही अर्ध्या अंशापर्यंत चूक संभवते. खोलीची हवा मोजताना ही चूक क्षुल्लक होय. अंड्यांच्या बाबतीत ती तशी नव्हे. उष्णता सतत कमी पडल्यास पिले उशिरा व अशक्त निघतात. ती सतत जास्त राहिल्यास पिले वेळेपूर्वी, लहान आणि बेंबी नीट न मिटलेली निघतात. दोहोंत जास्त उष्णतेचा धोका मोठा असतो. ४० अंशांच्या वर काही तास गेले, तरी पुष्कळ गर्भ दगावतात. यास्तव प्रत्येक खेपेपूर्वी संवेदकाची पारख करणे अगत्याचे आहे.

पूर्वतयारी : यंत्र रिकामे असतानाच पारख करावी. संवेदक बर्फात बुडताच यंत्र थंड पडले असे समजून नियंत्रक दिवा अखंड पेटता ठेवील. म्हणून आधी वीज तोडून दिवा किंवा तापक काढून ठेवावा व मगच संवेदक बाहेर घ्यावा. नियंत्रक कोरड्या फळीवर, पाण्यापासून दूर ठेवावा. संवेदकाचे टोक जलाभेद्य नसेल, तर ते पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे. नंतर कोरड्या हातांनी वीज सुरू करावी.

बर्फाची कसोटी : स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून पेल्यात काठोकाठ भरावा आणि फटी भरतील इतकेच थंड पाणी ओतावे. पाणी जास्त झाल्यास तळाशी ४ अंशांपर्यंतचे पाणी साचते व कसोटी फसते. मिश्रणात मीठ मुळीच नसावे. संवेदक मधोमध, तळास न टेकविता धरून पाच मिनिटे हलकेच ढवळावे. येथे खरे उष्णतामान ० अंश असते. यंत्र जो आकडा दाखवील, ती त्याची या ठिकाणची चूक समजावी.

कोमट पाण्याची कसोटी : खरे काम ३७.५ अंशांच्या आसपास चालते, म्हणून ही कसोटी अधिक महत्त्वाची आहे. रुंद तोंडाच्या थर्मासात सुमारे ३८ अंशांचे पाणी घ्यावे. डॉक्टरी तापमापक व संवेदक यांची टोके शेजारी शेजारी बुडवून पाणी ढवळावे. डॉक्टरी तापमापक सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो. म्हणून पाणी स्थिर झाल्यावरच तो सुरू करावा. प्रत्येक वेळी तो बंद करून पुन्हा लावावा व तीन वाचनांची सरासरी घ्यावी. पाणी ४२ अंशांच्या वर नसावे.

दुरुस्ती : समजा, डॉक्टरी तापमापक ३७.६ दाखवितो आणि यंत्र ३८.२. म्हणजे यंत्र ०.६ अंश जास्त सांगते. ते ३७.५ वर लावल्यास अंड्यांना प्रत्यक्षात ३६.९ अंशच मिळतील. नियंत्रकात दुरुस्तीची सोय असेल, तर उणे ०.६ नोंदवावे व कोमट पाण्यात पुन्हा पडताळून पाहावे. चिन्ह चुकल्यास चूक दुप्पट होते. अशी सोय नसेल, तर यंत्र ३८.१ वर लावून तसा कागद यंत्रावर चिकटवावा. बर्फातील व कोमट पाण्यातील चूक वेगवेगळी आल्यास कोमट पाण्यातील चूकच दुरुस्तीस धरावी. दोहोंत फार अंतर असेल किंवा आकडा सारखा उड्या मारीत असेल, तर संवेदक बदलणेच इष्ट.

संवेदकाची जागा : बिनचूक संवेदकही चुकीच्या जागी खोटे सांगतो. तो अंड्यांच्या उंचीवर असावा. दिवा, भिंत किंवा अंडे यांस त्याने टेकू नये. दुरुस्तीनंतर यंत्र रिकामेच २४ तास चालवून पाहावे व मग अंडी ठेवावीत.

तारीख, दोन्ही कसोट्यांतील आकडे, केलेली दुरुस्ती आणि निघालेली पिले यांची वहीत नोंद ठेवावी. पिले नेहमी २० व्या दिवशीच निघू लागली किंवा २२ व्या दिवसापर्यंत रेंगाळली, तर अंड्यांस दोष देण्याआधी संवेदक पुन्हा तपासावा. मूठभर बर्फ, थर्मासभर पाणी आणि अर्ध्या तासाचे श्रम यांत तीन आठवड्यांची मेहनत वाचते.