सामान भरण्याआधी फोन

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या माणसांची तयारी महिनाभर चालते. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं वजन करून बॅगेत जातं. फोनचं मात्र "तिकडे गेल्यावर जावई करून देतील" यावर सोडून देतात. हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही, मी त्या माणसाला थांबवून घेते.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे होतो. इकडे पुण्यात नणंदेला एकाएकी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावं लागलं. रुग्णालयाला आगाऊ रक्कम हवी होती आणि पैसे आमच्या खात्यात होते. बँकेचं अ‍ॅप उघडलं, रक्कम टाकली, ओटीपीची वाट बघत बसलो. ओटीपी येईना. पुन्हा मागवला, तरी नाही. तेव्हा लेकीने फोन हातात घेतला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. जिथे नेटवर्कच्या दांड्या दिसतात तिथे 'नो सर्व्हिस' असं लिहिलेलं होतं. घरातल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप झकास चालू होतं, नातेवाइकांशी रोज बोलणं होत होतं, त्यामुळे सिम मेलेलं आहे हे कुणाच्या ध्यानातच येण्यासारखं नव्हतं.

निघण्याआधी दुकानदाराने रिचार्ज मारला होता आणि "रोमिंग चालू आहे" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आंतरराष्ट्रीय रोमिंग त्याने सुरूच केलेलं नव्हतं. मग आमची जी फरफट झाली ती सांगते, कारण ती कुणाचीही होऊ शकते. ग्राहक सेवेचा तीन आकडी नंबर अमेरिकेतून लागेना. कंपनीच्या अ‍ॅपमधून रोमिंग सुरू करता येतं म्हणाले, पण अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी हवा आणि तो येणार त्याच बंद नंबरवर. ई-मेलला उत्तर आलं, की ग्राहकाने स्वतः ओळखपत्र घेऊन जवळच्या दालनात यावं. शेवटी भाच्याने फोन केला, "मामी, जिवाला लावून घेऊ नका, मी भरतो." त्याने इकडून तिकडून जमवून पैसे भरले, शस्त्रक्रिया झाली, नणंद आज ठणठणीत आहे. पण खात्यात पैसे असून वेळेला हात बांधलेले असणं म्हणजे काय, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की परदेशी जाताना फोनपेक्षा नंबर जपा. बँक, आयकर, आधार, डिमॅट, गॅसची टाकी, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा अधिकृत दालनात जाऊन आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू झाल्याचा संदेश डोळ्यांनी बघा. परदेशात येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण आपल्या प्लॅनमध्ये काय आहे ते विचारून घ्या. रिचार्जची मुदत आपण परत येऊन पुढे महिनाभर टिकेल अशी घ्या. अमेरिकेत आई-वडिलांना बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, आणि आपल्याकडे 90 दिवस काहीच वापर न झालेलं आणि 20 रुपयांहून कमी शिल्लक असलेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. आपल्या बँकेला जोडलेला नंबर अनोळखी माणसाच्या खिशात, ही कल्पनाच पुरेशी आहे.

तिकडे उतरल्यावर वायफाय बंद करून बघा, दांड्या दिसतात का. नसतील तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हाताने निवडा. दोन-तीन कंपन्यांची नावं येतात, एकेक लावून पाहा. भारतीय सिमचा 'डेटा रोमिंग' बंद ठेवा, सिम मात्र चालू राहू द्या. दोन सिमच्या फोनमध्ये दुसरं तिथलं सिम किंवा ई-सिम घालता येतं, तोच सगळ्यांत सोयीचा मार्ग. भारतीय सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याच्या फंदात पडू नका. यूपीआयचं अ‍ॅप फोन आणि सिमची जोडी लक्षात ठेवतं. जोडी मोडली की पुन्हा नोंदणी मागतं, आणि ती त्या सिमवरून एसएमएस गेल्याखेरीज होत नाही. नवा नंबर घेतल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने "नंबर बदलायचा का?" असं विचारलं तर नाही म्हणा. जुनाच नंबर राहू द्या, सगळी माणसं तिथेच तुम्हाला शोधणार आहेत.

आणि नुसत्या फोनवर विसंबू नका. बँकेत जाऊन विचारा, ओटीपी ई-मेलवरही येतो का. ज्यांना पैसे पाठवावे लागतील अशांची खाती निघण्याआधी जोडून ठेवा. भरवशाच्या माणसाचं नाव एका खात्यात जोडीला असू द्या, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. आमच्या बाबतीत एवढं असतं तर भाच्याला कुणापुढे हात पसरावा लागला नसता.

मुलं प्रेमाने नवा आयफोन घेऊन देतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना 2022 च्या चौदाव्या मालिकेपासून सिम घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपलं प्लॅस्टिकचं सिम त्यात बसणार नाही. असं काही घरात ठरत असेल तर भारतात असतानाच नंबर ई-सिमवर न्यायचं का, याचा विचार करा. उलट टोकाला साधा बटणांचा फोन. तो तिकडे बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं. ऑस्ट्रेलियातही 2024 मध्ये तेच झालं.

नायगाऱ्याला प्रत्येक जण जातो. अमेरिकेच्या बाजूला उभं असतानाही फोन नदीपलीकडचं कॅनडाचं नेटवर्क पकडू शकतो, आणि तुमचं पॅक फक्त अमेरिकेचं असेल तर पैसे वेगळे लागतात. युरोपच्या सहलीत हीच गोष्ट स्वित्झर्लंडची. युरोपीय संघात 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरात चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. पॅरिसमध्ये घेतलेलं सिम इंटरलाकेनला चालेलच असं नाही, घेताना विचारा. क्रूझवर समुद्रात गेल्यावर तर फोन विमान मोडवरच टाका. जहाजावरचं नेटवर्क उपग्रहाचं असतं आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही. दुबईला थांबणार असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात पण त्यावरून कॉल लागत नाही. नाहीतर इकडे उगाच घोर लागतो.

विजेचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात '100-240' लिहिलेलं असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर हवा. फोनचे, लॅपटॉपचे चार्जर असेच असतात. मिक्सर, शेकायची विजेची पिशवी, पाणी तापवायची किटली मात्र नेऊ नका. अ‍ॅडॅप्टर पिन बदलतो, व्होल्ट बदलत नाही. 230 ची किटली 120 वर लावली तर ताकद निम्मी होत नाही, जेमतेम पाव उरते. आणि तिकडची 120 ची वस्तू आणून इकडच्या भिंतीत खोचली की धूर निघालाच म्हणून समजा. रात्री नाकावर मास्क लावायचं यंत्र किंवा श्रवणयंत्राचा चार्जर कुणाचा असेल तर त्याच्यावरचे आकडे घरीच भिंग घेऊन वाचा.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच ठेवू नका, ती हातातल्या सामानातच हवी. मुंबईच्या विमानतळावर याच कारणाने बॅगा उघडायला माणसांना परत बोलावतात. 100 वॅट-तासांपर्यंतची चालते. नेहमीची 20000 एमएएचची साधारण 74 भरते. जिच्यावरचे आकडे पुसले गेलेत ती घरी ठेवा, तपासणीत काढून घेतील. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, आणि तपासात संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. तेव्हापासून विमान कंपन्यांचे नियम कडक झाले. एमिरेट्सने तर 1 ऑक्टोबर 2025 पासून प्रवासात ती वापरायलाही बंदी घातली. म्हणून फोन घरून पूर्ण चार्ज करून निघा.

गोळ्यांचा गजर फोनवर लावत असाल तर लक्षात घ्या, फोन उतरल्या उतरल्या तिथली वेळ धरतो. रात्री आठची गोळी मग तिथल्या रात्री आठला वाजते, म्हणजे भारतातल्या पहाटेला. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून आणा.

शेवटचं काम कागदाचं आहे. फोन हरवला, फुटला, चोरीला गेला तर लेकीचा नंबर पाठ आहे का? बहुतेकांना नसतो. तो नंबर, जावयाचा नंबर, बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, विम्याचा नंबर, आणि *#06# दाबून मिळणारा आपल्या फोनचा आयएमईआय, एवढं कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. लेकीच्या घरचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंटच्या नंबरासकट, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. दिवसा मुलं कामावर आणि घरात तुम्ही दोघंच, अशा वेळी कुणाला काही झालं तर 911 फिरवायचा. ते सर्वांत आधी विचारतात, कुठून बोलताय. घाबरलेल्या माणसाला तो पत्ता आठवत नाही, वाचता येतो. इंग्रजी सुचलं नाही तर नुसतं "मराठी" किंवा "हिंदी" म्हणा आणि फोन ठेवू नका. बहुतेक ठिकाणी ते दुभाष्याला फोनवर जोडून घेतात.