भारांत टिकणारी बॅटरी

डिसेंबर २०२१ मध्यें आपल्याच पालघर जिल्ह्यांत एका ड्रोननें जव्हारहून झाप गांवीं लशीच्या ३०० मात्रा पोंचविल्या. रस्त्यानें सुमारें ४० मिनिटांची वाट. ती त्यानें नऊ मिनिटांहून थोड्या अधिक वेळांत काटली. वाटेंतच शक्ति खुंटती, तर सारा खटाटोप व्यर्थ जाता.

रेडिओनें चालविल्या जाणाऱ्या विजेच्या लहान विमानासहि हाच नियम लागू आहे. त्याच्या लिथियम बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट दाखवितो. परंतु स्वस्थ पडलेल्या बॅटरीचा हा आंकडा फसवा होय. बॅटरी जुनी झाली कीं तिचा अंतर्गत रोध वाढतो, व मोटर जोरानें फिरूं लागतांच विजेचा दाब एकाएकीं उतरतो. बहुधा संदेश घेणारा रिसीव्हरहि त्याच बॅटरीवर चालतो. म्हणून केवळ वेगच नव्हे, तर विमानावरील ताबाहि सुटतो.

यास्तव आम्ही मुलांस सांगत असतों कीं, उड्डाणापूर्वीं वडील माणसाकडून विमान घट्ट धरवावें, पंख्यापासून दूर राहावें, मोटर पूर्ण वेगानें चालवावी आणि त्या भारांतच प्रत्येक सेल मोजावा. एखादा सेल इतरांहून बराच खालीं गेला, तर ती बॅटरी उडवूं नये. फुगलेली तर मुळींच नको. खालीं मैदानांत कोणाचें तरी लेंकरूं खेळत असतें, हें विसरूं नये.