मीटरचा दिवा मिणमिणला की आधी पट्टा बघ

बाळा,

सुमोची चावी तुझ्या हातात दिली, तेव्हा तू एकच विचारलंस, "मामा, ॲव्हरेज किती देते?" ते सांगितलं, पण सांगायचं महत्त्वाचं राहूनच गेलं. परवा अक्काचा फोन आला, की रात्री मीटरचे दिवे अगदी मिणमिणतात आणि ब्रेक जरा जड लागतो. तुला ही दोन दुखणी वाटत असतील. तू आता दुकानात जाऊन बल्ब आणशील, हेही मला ठाऊक आहे. थोडं थांब. आधी हे वाच.

१. दिवे मंद आणि ब्रेक कडक, ही दोन्ही लक्षणं एकाच वेळी दिसली, तर बल्बला हात लावण्याआधी बॉनेट उघड आणि पट्टा बघ — सुमो, जुनी बोलेरो, कमांडर अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप डायनमोच्या पाठीवरच बसवलेला असतो. एकच पट्टा दोघांना फिरवतो. पट्टा घसरला की वीजही कमी आणि व्हॅक्यूमही कमी.

हे मला कोणी शिकवलं नाही. येलदरीचं धरण बघून आम्ही जिंतूरकडे परतत होतो, गाडीत तुझी मामी आणि दोन लेकरं. आठवडाभर मीटर अंधूक दिसत होता, म्हणून मी नवे बल्ब टाकले होते आणि निर्धास्त झालो होतो. उतारावर ब्रेक दाबला तर पायाखाली दगड ठेवल्यासारखा. दोन्ही पायांनी दाबून, गिअर खाली टाकत, कडेच्या बाभळीपाशी गाडी थांबवली. बॉनेट उघडलं तर पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. मामी काही बोलली नाही, नुसती लेकरांना जवळ घेऊन बसली. दिवा विझायच्या आधी मिणमिणतो, ब्रेक जायच्या आधी कडक होतो. दोघंही आधी सांगतात, ऐकायला आपणच उशीर करतो.

२. इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघ. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे — जास्त दबला तर घसरतो, अजिबात दबला नाही तर डायनमोचं बेअरिंग खातो.

३. पट्टा उलटा करून आतली बाजू बघ. भेगा किंवा चकाकी दिसली तर ताण वाढवत बसू नको, बदलून टाक. जुना मात्र डिकीत ठेव — सोनपेठच्या रस्त्यावर रात्री अकराला पट्टा विकणारं कोणी भेटत नाही.

४. चर्रर्र आवाज येतो म्हणून पट्ट्याला साबण घासू नको. आवाज जातो, घसरणं तसंच राहतं — आणि गाडीचं तोंड दाबलं की तिने सांगायचं कसं?

५. बॉनेटखाली वाकताना गळ्यात उपरणं नको, आणि कोणाची ओढणीही जवळ नको. फिरता पंखा कुणाचा पाहुणा ओळखत नाही.

आता व्हॅक्यूमचं नीट समजून घे, म्हणजे गॅरेजवाला काय म्हणतो ते तुला कळेल. ब्रेकच्या पेडलामागे जो मोठा काळा डबा आहे, तो बूस्टर. त्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते. तू पाय दाबलास की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि तीच तुझ्या पायाला जोर देते. पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच हवा ओढतं, म्हणून तिथे वेगळा पंप लागत नाही. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसते, म्हणून त्याला पंप जोडावा लागतो. बस, एवढंच आहे.

६. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ब्रेक चार-पाच वेळा दाब, कडक झाला की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू कर. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे — बसलं तर बूस्टर जिवंत आहे. नाही बसलं तर त्या दिवशी गाडी दारातच उभी राहू दे.

७. दुसरी परीक्षा: मिनिट-दोन मिनिटं चालवून इंजिन बंद कर, थोडं थांब, मग ब्रेक दाब. पहिल्यांदा खोल, नंतर दर वेळी वर यायला हवा — पहिल्याच दाबाला कडक लागला तर साठवलेलं व्हॅक्यूम कुठून तरी निसटतंय.

८. निसटतंय कुठून ते कानाने शोध. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धर, दुसरं टोक पंपापासून बूस्टरकडे जाणाऱ्या होज पाइपच्या जोडांवरून फिरव. फिरता पंखा आणि पट्टा यांच्यापासून मात्र लांब राहा. हवा चोर आहे, पण शीळ घालत चोरी करते.

९. गळती शोधायला पेट्रोल शिंपडणारे हुशार लोक तुला भेटतील. त्यांना चहा पाज आणि लांब बसव — गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे गंजीत काडी.

१०. होज पाइप बोटांनी वाकवून बघ. पापडासारखा कडक झाला असेल किंवा क्लिपेपाशी भेगाळला असेल तर बदल. परभणीचा मे महिना पारा ४२-४४ वर नेतो, आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. रबर किती वर्षं सोसणार?

११. नवा पाइप व्हॅक्यूमसाठीचाच, आतून दोऱ्याचं बळ असलेला घे. शेतातल्या फवारणी पंपाचा किंवा ठिबकचा तुकडा बसवू नको — आतून ओढ लागली की तो चपटा होतो आणि नेमका ब्रेक दाबताना दगा देतो.

१२. बूस्टरच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो. काढून फुंकून बघ: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जावी, पंपाच्या बाजूने फुंकलं तर अडावी. दोन्हीकडून गेली तर तो गेला — वस्तू लहानशी, पण इंजिन बंद पडल्यावर हातात राहणारे दोन-तीन ब्रेक हाच राखतो.

१३. पाइप काढलास की आत बोट घाल. बोटाला इंजिन ऑइल लागलं तर पंप किंवा व्हॉल्व्ह दाखवून घे. पंपाला इंजिनातूनच ऑइल जातं; ते बूस्टरमध्ये शिरलं तर आतला रबरी पडदा फुगून खराब होतो.

१४. ब्रेक ऑइल कमी होतंय पण जमिनीवर थेंब दिसत नाही, असं झालं तर नुसतं भरत राहू नको. मास्टर सिलिंडरच्या मागच्या वायसरातून ते बूस्टरमध्ये जात असू शकतं — रांजण रोज भरावा लागतो, तर भोक कुठे तरी आहेच.

१५. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही. कधीही नाही! तुझे मित्र करतात, मी पाहिलंय — दोन-तीन दाबांनंतर व्हॅक्यूम संपतं, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंगही अडकतं.

१६. तुझ्या मित्राची ती कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, तिचं वेगळं. ती उभ्या-उभ्या धापा टाकत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या डबीला जाणारी बारीक नळी काढून तोंडाने ओढून बघायला सांग. ओढ धरून राहिली तर डबीतला पडदा शाबूत — नळी सैल असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून काही साधणार नाही.

१७. सुगीनंतर उंदीर शेतातून घरात येतात, आणि घरातून बॉनेटखाली. कापसाचं बोंड, वायरीचे तुकडे, लेंड्या दिसल्या की प्रत्येक पाइप आणि वायर तपास — उंदराला ऊब मिळते, बिल आपल्याला.

पट्टा ठीक, पाइप ठीक, ब्रेक मऊ, आणि तरीही मीटर अंधूक? मग आता दिव्यांकडे वळ. पण घाई नको.

१८. मल्टीमीटर घे, शंभर कामांना येतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत; हेडलाइट लावल्यावर फार खाली जाऊ नयेत. साडेतेराच्या जागी बाराच व्होल्ट मिळाले तर तारेच्या बल्बचा उजेड जवळपास दोन-तृतीयांशावर येतो — व्होल्ट थोडे घटतात, उजेड फार घटतो.

१९. मीटरच्या उजेडाचं छोटं चक्र किंवा बटण असेल तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरव. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्याने आतल्या पट्टीवर काट चढतो. कित्येकदा दुखणं इथेच संपतं, आणि खर्च शून्य.

२०. मग अर्थिंग. दिवे लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून मीटरच्या अर्थच्या स्क्रूपर्यंत व्होल्ट मोज, ०.२ पेक्षा जास्त दाखवलं तर स्क्रू काढ, पॉलिश पेपरने घास, घट्ट बसव. आपल्या काळ्या मातीचा चिखल पावसाळाभर खाली चिकटून राहतो, आणि इंजिन ते चेसिसची पट्टीही गंजते, तीही बघ. वायर नवी आणि अर्थिंग जुनी, म्हणजे अंघोळ न करता लावलेलं अत्तर.

२१. मीटर बाहेर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव, मोबाइलवर चार फोटो काढ, आणि स्पीडोमीटरची केबल मागून आधी सोड — ओढाताण केलीस तर दिव्यासाठी गेलास आणि काटा मोडून आलास असं होईल.

२२. काढलेल्या बल्बची काच काळी पडली असेल तर तो पेटत असला तरी बदल. सगळे एकदमच बदल. त्यांचं वय सारखंच आहे. आणि पुढची काच आतून ओल्या मऊ फडक्याने पूस. वीस वर्षांच्या धुळीमागे नवा बल्बही आंधळाच.

२३. बल्बवर लिहिलेला वॅट बघूनच नवा घे. तीनच्या जागी पाच वॅटचा घातलास तर उजेड वाढेल, पण होल्डर वितळेल — मी वितळवलाय, आणि तसला होल्डर शोधायला नांदेडपर्यंत गेलोय.

२४. एलईडी घालायचे असतील तर घाल. पेटला नाही तर उलटा करून लाव, त्याला दिशा असते. पण चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी जुना तारेचाच बल्ब राहू दे — बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बल्बातून डायनमोला जागं करणारी वीज जाते. तो उडाला तर डायनमो झोपलेलाच राहतो आणि सांगायला दिवाही नसतो.

२५. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, लाल दिवे पेटतात का ते रोज बघ. आपण दिवे विझले की खूश होतो. ते आधी पेटले होते का, हे कोणी बघत नाही.

२६. मीटरचे दिवे एकदम सगळे गेले तर खाली उतर आणि मागचे दिवे बघ — पुष्कळ गाड्यांत पार्किंग, मागचे दिवे आणि मीटर एकाच फ्यूजवर असतात. पाथरी, गंगाखेडकडे गाळपाच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर चालतात. त्या गर्दीत मागून अंधारी गाडी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. फ्यूज पुन्हा तेवढ्याच अँपिअरचा टाक, तार गुंडाळू नको.

२७. मीटर दिवाळीसारखा लखलखीत करू नको. रात्री काटा दिसेल इतकाच उजेड ठेव, नाहीतर काचेवर त्याची झाक पडते आणि समोरचा बिनदिव्याचा सायकलवाला दिसत नाही.

२८. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख एका वहीत लिही: पट्टा, होज, बल्ब, बॅटरी. माझी वही डाव्या कप्प्यात आहे, तिच्यातच पुढे लिहीत जा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठीच मिळते आणि दर वेळी गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. वही असली की काय बाकी आहे ते आदल्या रात्री शोधावं लागत नाही.

सुमो १९९४ साली आली आणि २०१९ला बनायची बंद झाली. टाटा मोटर्सचे जुने प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या सुरुवातीवरून तिचं नाव पडलं, हे तुला माहीत असू दे. आता नवी येणार नाही, म्हणून जी आहे ती सांभाळायची. मला तिचा लळा आहे, तो लपवत नाही.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी घेऊन ये. टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि तो नळीचा तुकडा मी काढून ठेवलाय. पट्टा तू मोंढ्याजवळून घेऊन ये, जुन्यावरचा नंबर बघून. आणि पूर्णेहून निघताना सहावा मुद्दा करून मगच नीघ, मागच्या सीटवर अक्का बसलेली असेल.