बाह्यत्वचा : शरीराची पहिली तटबंदी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांवर जो पाऊस कोसळला, त्याची स्मृती अद्याप ताजी आहे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच अवधीत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या चारही नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ला-घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हजारो नागरिक कमरेइतक्या पाण्यातून कित्येक तास चालत घरी पोहोचले. पाणी ओसरले, परंतु पुढील काही आठवड्यांत तापाचे रुग्ण वाढू लागले. त्यांपैकी अनेकांना लेप्टोस्पायरोसिस हा रोग झाल्याचे आढळून आले.

हा रोग श्वासावाटे किंवा डासांमुळे होत नाही. उंदीर, घुशी, कुत्री व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू मनुष्याच्या शरीरात शिरतात, ते मुख्यत्वे त्वचेवरील जखमांतून, खरचटलेल्या जागेतून अथवा डोळे, नाक व तोंड यांच्या ओल्या अस्तरातून. अखंड व निरोगी त्वचेतून त्यांना सहसा वाट मिळत नाही. कागदाइतका पातळ असा एक थर या जिवाणूंना अडवून धरतो. हा थर म्हणजे बाह्यत्वचा होय.

रचना

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव आहे. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. आपल्या प्राचीन वैद्यकातही तिचा सूक्ष्म विचार झालेला आहे. सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर वर्णिले असून त्यांची जाडी व्रीही म्हणजे भाताच्या दाण्याच्या मापाने सांगितली आहे. सर्वांत वरच्या थरास तेथे ‘अवभासिनी’ असे नाव आहे. आधुनिक शास्त्र त्वचेचे दोन प्रमुख भाग मानते : वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी व केसांची मुळे अंतस्त्वचेत किंवा तिच्याही खाली असतात. बाह्यत्वचेत रक्तवाहिनी एकही नाही. तिचे पोषण खालून झिरपणाऱ्या द्रवावर होते. म्हणूनच नुसते खरचटले असता कित्येकदा रक्त येत नाही.

बाह्यत्वचेची जाडी सर्वत्र सारखी नसते. पापणीवर ती एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ, तर तळहात व तळपाय येथे सुमारे दीड मिलिमीटर असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे चार थर दिसतात. तळहात-तळपायांच्या जाड त्वचेत पाचवा, पारदर्शक थर आढळतो.

सर्वांत खाली जननस्तर असतो. येथे पेशींचे सतत विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात व जुन्या पेशी वर ढकलल्या जातात. त्यावरील कंटकी स्तरात पेशी एकमेकींना जणू काट्यांनी जखडून ठेवल्यासारख्या दिसतात. त्याच्या वर कणमय स्तर असतो. येथे पेशीतील केंद्रक नाहीसे होऊ लागते आणि पेशी स्निग्ध द्रव्य बाहेर टाकतात. सर्वांत वरचा तो शृंगस्तर. तेथील पेशी मृत, चपट्या व केराटीन या चिवट प्रथिनाने भरलेल्या असतात. नखे, केस आणि जनावरांची शिंगे याच प्रथिनाची बनलेली आहेत.

जननस्तरात जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडेपर्यंत साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अंग चोळताना निघणारा मळ म्हणजे बऱ्याच अंशी या गळून पडणाऱ्या मृत पेशीच असतात. जेथे घर्षण अधिक, तेथे हा थर वाढतो. हमालाच्या खांद्यावर आणि सुताराच्या तळहातावर पडणारे घट्टे हे शरीराने केलेले संरक्षणच होय.

कार्य

शृंगस्तराची उपमा विटांच्या भिंतीशी देता येईल. केराटीनने भरलेल्या मृत पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. अशा पंधरा-वीस थरांची ही भिंत शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे विषारी पदार्थ व जंतू आत येऊ देत नाही. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो व ही आम्लता अनेक जंतूंच्या वाढीस प्रतिकूल ठरते. कपड्यांचा क्षारयुक्त साबण वारंवार अंगास लावल्यास ही आम्लता आणि स्निग्धता दोन्ही कमी होतात व त्वचा फुटू लागते.

बाह्यत्वचेत आणखी तीन प्रकारच्या पेशी असतात. रंजकपेशी मेलॅनिन हे कृष्णवर्णी द्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. ते पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते आणि उन्हातील जंबुपार किरणांपासून त्याचे रक्षण करते. गोऱ्या व काळ्या माणसांत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो तयार होणाऱ्या रंजकाच्या प्रमाणात व मांडणीत. दुसऱ्या पेशींचा शोध पॉल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये, विद्यार्थिदशेतच लावला. शिरकाव करणाऱ्या परक्या द्रव्याची वर्दी शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस देणे हे या पेशींचे काम होय. तिसऱ्या मर्केल पेशी स्पर्शज्ञानास साहाय्य करतात. याखेरीज, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ड जीवनसत्त्व तयार होण्यास प्रारंभही बाह्यत्वचेतच होतो.

उपनगरांतील जीवन आणि त्वचा

ही तटबंदी भक्कम असली तरी अभेद्य नाही. पाण्यात दीर्घकाळ राहिल्याने शृंगस्तर पाणी शोषून फुगतो व मऊ पडतो. पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हे याचे नित्य परिचयाचे उदाहरण आहे. वेसाव्याच्या कोळणी दिवसभर बर्फ व खारे पाणी हाताळतात. गटारे साफ करणारे सफाई कामगार ओल्या चिखलात उभे असतात. नव्या इमारतींवरील मजुरांच्या हातापायांना ओला सिमेंट लागतो आणि त्यातील तीव्र क्षार त्वचा पोखरतो. अशा कामगारांना रबरी हातमोजे व गमबूट मिळणे ही चैनीची बाब नसून आरोग्याची मूलभूत गरज आहे.

लोकलमधील गर्दी, दमट हवा आणि घामाने भिजलेले कपडे यांमुळे घामोळे व गजकर्ण हे विकार उपनगरांत सर्रास आढळतात. घर्मनलिकेचे तोंड बाह्यत्वचेत बुजले की घामोळे उठते. गजकर्णाची बुरशी केराटीनवरच पोसली जाते. औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज तात्पुरती थांबते, मात्र बुरशी पसरतच राहते व रोग हट्टी बनतो. वैद्यकीय सल्ल्यावाचून अशी मलमे वापरू नयेत.

त्वचेवरील प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो व प्रत्येक डाग कुष्ठरोगाचाही नसतो. कोडात रंजकपेशी नष्ट होतात. तो संसर्गजन्य नाही. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, उष्णता वा वेदना कळत नसेल तर मात्र कुष्ठरोगाची शंका घ्यावी. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्णपणे बरा होतो व ही औषधे शासकीय व महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. डाग लपविल्याने रोग वाढतो आणि लवकर दाखविल्याने विकृती टळते.

भाजल्यावर काय करावे

बाह्यत्वचेपुरतेच भाजले असेल तर ती काही दिवसांत खूण न ठेवता भरून येते. थोडे अधिक खोल भाजले तरी केसांच्या मुळांशी व घर्मग्रंथींत शिल्लक राहिलेल्या पेशींपासून नवी त्वचा उगवते. संपूर्ण जाडीची त्वचा जळाल्यास मात्र ही पेढीच नष्ट होते. शरीरातील पाणी झपाट्याने बाहेर पडते व जंतूंना मोकळे रान मिळते. भाजल्याबरोबर त्या भागावर सुमारे वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. तूप, शाई, हळद किंवा दंतमंजन लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या जखमा दान केलेल्या त्वचेने झाकता येतात. ती कायमची रुजत नाही, परंतु रुग्णाची स्वतःची त्वचा तयार होईपर्यंत प्राण वाचविते. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मुलुंडहून खाडीपूल ओलांडल्यावर ऐरोलीस लागणाऱ्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरून त्वचेचा केवळ पातळ थर काढला जातो. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळण्याची आवश्यकता नसते व ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा दीर्घकाळ टिकते. नेत्रदान केलेल्या व्यक्तीचे त्वचादानही होऊ शकते.

नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

साचलेल्या पाण्यातून जाणे शक्यतो टाळावे. पायास जखम असल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी व गमबूट वापरावेत. घरी येताच पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास बहात्तर तासांच्या आत नजीकच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी वेगळे औषध असल्याने ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यानंतर पंधरवडा-महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे किंवा कावीळ दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वस्तीत कचरा व उष्टेखरकटे साचू न देणे हाही उंदरांना व पर्यायाने या रोगाला आळा घालण्याचा मार्ग आहे.

रोज झिजणारी व रोज नव्याने उभी राहणारी ही तटबंदी निसर्गाने प्रत्येकास विनामूल्य दिली आहे. तिची निगा राखण्यास फारसा खर्चही लागत नाही. स्वच्छ पाणी, कोरडे कपडे, कामाच्या ठिकाणी योग्य साधने आणि वेळेवर घेतलेला वैद्यकीय सल्ला एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत.