इम्प्लांटच्या शेजारचा दात सांभाळा

"ताई, स्क्रूचा दात बसवला तर बाजूचे दात खराब होतात का हो?" वस्तीतल्या शिबिरात हल्ली आम्हाला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याने पदरचे हजारो रुपये घातलेले असतात, कधी उसनेही.

दाढ पडलेली जागा मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात. ब्रिज करायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांटला शेजाऱ्याला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. टायटॅनियमचा स्क्रू थेट जबड्याच्या हाडात रुजतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली असे दात माणसाला प्रथम बसवले.

पण मेख या रुजण्यातच आहे. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो, म्हणून दात आयुष्यभर किंचित सरकत राहतो, बहुधा पुढच्या बाजूला. इम्प्लांट जागचे हलत नाही. त्यामुळे काम उत्तम झाले तरी काही वर्षांनी दोघांमध्ये फट पडू शकते. त्यात मटणाचा धागा, मेथीची काडी अडकते. इम्प्लांट किडत नाही, किडतो शेजारचा खरा दात! आम्हाला भेटलेल्या एका मावशी "स्क्रू दुखतोय" म्हणून कित्येक महिने गोळ्या खात होत्या. कीड निघाली शेजारच्या दाढेत, हिरडीच्या खाली. अन्न अडकू लागले की लगेच दाखवा. बऱ्याचदा कॅप बदलून फट बुजवता येते. फटीत घालायचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो रोज रात्री वापरा. टाचणी किंवा काडी नको.

बसवण्याआधी एक्स-रे, गरज असल्यास थ्रीडी स्कॅन हवाच. स्क्रू आणि शेजारच्या मुळात निदान दीड मिलिमीटर हाड राहावे लागते. ड्रिल मुळाला लागले तर चांगला दात जातो. शेजारच्या मुळाशी पू असेल तर आधी त्यावर उपचार. मिश्री, तंबाखू आणि ताब्यात नसलेली साखर असेल तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. मिश्रीचे नाव काढले की आमच्या बायका हसतात, पण हे खरे आहे.

धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातले रंगूनवाला अशी दंत महाविद्यालये पुण्यात आहेत. पैसे भरण्याआधी तिथे दुसरे मत घ्या, आणि "शेजारच्या दाताचे काय?" हे डॉक्टरांना तोंडावर विचारा.