भूमध्य समुद्रातील दीपगृह

इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या उत्तरेस, समुद्रात, सात लहान बेटांचा एक समूह आहे. ही सर्व बेटे ज्वालामुखींच्या उद्रेकांतून निर्माण झाली. त्यांपैकी स्ट्रॉम्बोली हे बेट विशेष प्रसिद्ध आहे. कारण तेथील ज्वालामुखी दोन हजारांहून अधिक वर्षे जवळजवळ अखंड जागा आहे.

नेपल्सहून रात्री निघालेली बोट पहाटे या बेटाजवळ येते. अंधारात प्रवाशांना प्रथम बेट दिसत नाही. दिसते ती आकाशात एकाएकी उजळणारी तांबूस प्रभा. क्षणभराने ती मावळते आणि दहा-वीस मिनिटांनी पुन्हा प्रकट होते. होकायंत्र नसलेल्या प्राचीन काळी खलाशांना या प्रकाशाचा मोठा आधार वाटे. म्हणूनच या पर्वताला ‘भूमध्य समुद्रातील दीपगृह’ असे नाव पडले.

उजाडल्यावर समुद्रातून सरळ वर आलेला शंकूच्या आकाराचा पर्वत नजरेस पडतो. त्याची उंची 924 मीटर आहे. परंतु हा त्याचा केवळ माथा होय. समुद्राच्या तळापासून मोजले तर तो सुमारे 3000 मीटर भरेल! पायथ्याशी काळी वाळू, तिच्यामागे पांढरीशुभ्र घरे आणि अरुंद गल्ल्या असा गावाचा थाट आहे. बेटाच्या दुसऱ्या बाजूस जिनोस्त्रा नावाची चिमुकली वस्ती आहे. तेथे जाण्यास समुद्रावाचून मार्ग नाही.

दुपार कलली, की प्रवासी वाटाड्याबरोबर डोंगर चढू लागतात. पायांत भक्कम बूट आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. दिवसाउजेडी वर केवळ धूर आणि वाफ दिसते. पण सूर्य बुडाला, की देखावा पालटतो. पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज होतो, पायांखालची जमीन किंचित थरथरते आणि लालभडक ठिणग्यांचे कारंजे आभाळात उसळते. तापलेले दगड ‘अग्नीचा उतार’ या नावाच्या काळ्या उतरणीवरून गडगडत समुद्रापर्यंत जातात. बोलके प्रवासीही त्या वेळी अबोल होतात.

असे का घडते? चुलीवर रटरटणाऱ्या पिठल्यात बुडबुडा वर येऊन फुटतो आणि शिंतोडे उडवितो, हे सर्वांनी पाहिले आहे. पर्वताच्या नळीतही वितळलेल्या खडकातून वायूचे प्रचंड बुडबुडे वर येतात, मुखाशी फुटतात आणि शिलारसाचे गोळे उंच फेकतात. या प्रकारच्या उद्रेकास शास्त्रज्ञांनी या बेटाचेच नाव दिले आहे.

मात्र हे दीपगृह नेहमीच सौम्य नसते. 1930 साली सप्टेंबर महिन्यात झालेल्या भयंकर स्फोटात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. 30 डिसेंबर 2002 रोजी पर्वताची एक बाजू समुद्रात कोसळली आणि उसळलेल्या लाटांनी किनाऱ्यावरील घरांची नासधूस केली. 3 जुलै 2019 रोजी अकस्मात मोठा स्फोट होऊन डोंगरावर गेलेला एक प्रवासी प्राणास मुकला. त्यानंतर शिखरापर्यंत जाण्यास मनाई झाली. ज्यांना ज्वाला अगदी जवळून पाहण्याची हौस असते, त्यांना ही मनाई जाचक वाटते. परंतु पर्वताचा स्वभाव जाणणारे वाटाडे तिचे मोल ओळखतात.

एकोणिसाव्या शतकात या बेटावर अडीच हजारांहून अधिक माणसे राहत. पुढे द्राक्षवेलींवर रोग पडला, उपजीविका बुडाली आणि असंख्य कुटुंबे अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गेली. आता तेथे सुमारे पाचशेच लोक राहतात. शास्त्रज्ञांची यंत्रे पर्वताचा प्रत्येक कंप रात्रंदिवस टिपतात आणि संकटाची चाहूल लागताच भोंगे वाजतात. ग्रामस्थ पर्वताची निंदा करीत नाहीत आणि त्याला विसरतही नाहीत. द्राक्षे पिकविणारी काळी माती त्यानेच दिली आहे, हे ते जाणतात.

प्रवासी आग पाहण्यासाठी येतात. परत जाताना मात्र त्या आगीच्या शेजारी सावधपणे, तरीही आनंदाने राहणारी माणसे त्यांच्या स्मरणात राहतात. निसर्गाला जिंकता आले नाही, तरी त्याला ओळखून त्याच्या सान्निध्यात राहता येते, हेच हे बेट शिकविते.

स्वाध्याय

1. स्ट्रॉम्बोलीला ‘दीपगृह’ असे का म्हणतात?
2. ज्वालामुखीतून ठिणग्या का उसळतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
3. शिखरावर जाण्यास केलेली मनाई योग्य आहे काय? सकारण लिहा.
4. वाक्यात उपयोग करा : प्राणास मुकणे, चाहूल लागणे, नजरेस पडणे.